एकट्याच आलात?

१

वहिनीचा देह लॉजमागच्या फरशीच्या अंगणात सकाळी माळ्याला सापडला, आणि दुपारपर्यंत गावाने तिच्या मरणाची गोष्ट रचूनही टाकली. एकटी बाई. वरच्या मजल्यावरची कोपऱ्यातली खोली. बाल्कनीत रमची अर्धी बाटली. दाराला आतून कडी. प्यायली, झोक गेला, पडली. गोष्ट इतकी घट्ट बसवली होती की सांगणाऱ्याला शेवटी एक उसासा टाकायचं तेवढं काम उरत होतं.

वन्सं दुसऱ्या दिवशी त्या गावात उतरल्या. त्यांना वन्सं म्हणून हाक मारणारी उभ्या जगात एकच बाई होती, त्यांच्या मधल्या भावाची बायको, आणि ती आता सरकारी इस्पितळाच्या थंड खणात पडली होती. भाऊ आधीच गेलेला. वहिनीला मूल नाही. मोठ्या दादांचा गुडघा नेमका याच आठवड्यात धरला होता. तेव्हा ओळख पटवायला, सह्या करायला आणि वहिनीला घरी न्यायला वन्संच निघाल्या.

त्या विमा कंपनीत नुकसानीच्या दाव्यांची पाहणी करत. जळलेली गोदामं, बुडालेल्या बोटी, घरफोडी झालेल्या सोनारांची दुकानं. गोदाम जळलंय की जाळलंय, दार फोडलंय की फोडल्यासारखं केलंय, हे ओळखण्यावर त्यांचं घर चालत होतं. नोकरीने त्यांना दोन गोष्टी दिल्या होत्या: पित्ताचा त्रास, आणि उसासा टाकणाऱ्या माणसाकडे जरा जास्त वेळ बघायची सवय.

बसस्थानकाबाहेर टॅक्सीवाल्याने बॅग उचलली. पान खाऊन त्याचे दात विटकरीसारखे झाले होते. गाडी सुरू केल्यावर त्याने आरसा हाताने खाली वळवला आणि त्यातून बघत विचारलं, "एकट्याच आलात?"

"हो."

"एकट्याच राहणार?"

"आरसा रस्त्याकडे कर," वन्सं म्हणाल्या.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी नारळाची झाडं, मधोमध पर्यटन मंडळाचे मोठमोठे फलक. एका फलकावर टोपी घातलेली मुलगी समुद्राकडे बघत हसत होती आणि खाली लिहिलं होतं, 'निर्धास्त या'. फलकाच्या खांबाशी दोन माणसं भिंत समजून लघवीला उभी होती. 

चौकीत फौजदार सज्जनपणे वागला. खुर्ची दिली, पंखा त्यांच्याकडे वळवला. मग म्हणाला, "बाई, राग मानू नका, पण त्यांच्या सोबत यायला घरचं कोणी नव्हतं का?"

"सोबत यायला हवं होतं का?"

"तसं नाही. पण एकटी बाई, त्यात बाल्कनी, त्यात बाटली." त्याने हात उडवले. "आम्ही तरी कुठे कुठे पुरे पडणार? पुन्हा हंगाम तोंडावर आलाय."

"रमच होती ना?"

"रमच. कपड्यांना वास येत होता."

वन्संनी डोळे मिटले. त्यांचा भाऊ रमनेच गेला होता. शेवटचे काही महिने वहिनीने त्याच्या ओकाऱ्या काढल्या, चादरी धुतल्या, आणि तो गेल्यानंतर त्या वासाने तिच्या पोटात ढवळायचं. लग्नाच्या मांडवात मागच्या बाजूला कोणी प्यायलेलं असलं तर ती न जेवता उठायची. "माझी वहिनी बीअर प्यायची," त्या म्हणाल्या. "माझ्याबरोबर, आमच्या गच्चीत, उन्हाळ्यात. लपवण्यासारखं त्यात काही नाही. पण रमच्या बाटलीचं बूच उघडलं तरी ती खोलीत थांबायची नाही."

"माणूस एकटं असलं की काय काय करतं, बाई." फौजदार समजूतदारपणे हसला. ते हसू वन्संना चिकट वाटलं, ओल्या हाताने गालाला हात लावावा तसं.

त्याने वहिनीच्या वस्तूंची पिशवी पुढे सरकवली. पर्स, कपडे, चष्म्याची डबी, आणि दोरीला बांधलेली एक पिवळी शिट्टी. "ही त्यांच्या गळ्यात होती. लॉजवाल्या मावशी एकट्या बायकांना देतात. अडचण आली तर फुंकायची. फार चांगली बाई."

वन्संनी डबी उघडली. आत चष्मा नीट मिटून ठेवलेला. "हा कुठे मिळाला?"

"उशीशेजारी. डबीतच."

"फौजदारसाहेब, माझ्या वहिनीला चष्म्याशिवाय स्वतःची बोटं दिसत नसत. अंघोळीला जाताना भिंत चाचपायची. चष्मा डबीत घालून समुद्र बघायला बाल्कनीत कोण जातं?"

फौजदाराने डबी हातात घेऊन उलटसुलट बघितली. 

"बरं, नव्हत्या समुद्र बघत. झोपेतून उठून घाबरून तिकडे गेल्या. पण दाराला आतून कडी होती, बाई. मावशींनी दुसऱ्या किल्लीने कुलूप उघडलं तरी दार हलेना, शेवटी टॅक्सीवाल्याने खांदा मारून फोडलं. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. मग घाबरल्या कुणाला?"

२

लॉजच्या दारावर मंडळाची पितळी पाटी होती: 'एकट्या महिलांसाठी सुरक्षित निवास'. पाटी घासूनपुसून लखलखीत ठेवली होती.

लॉजवाल्या मावशींनी वन्संना मिठीच मारली. साठीच्या, गोऱ्या, भरल्या अंगाच्या. डोळे रडून सुजलेले. "लेकीसारखी होती गं," त्या म्हणत राहिल्या. मागे त्यांचा घरजावई हात जोडून उभा होता. अंगाला पावडरीचा वास, भांग सरळ, आवाज मऊ. गावच्या महिला सुरक्षा समितीत लॉजवाल्यांच्या वतीने तोच बसत असे. "ताई, जे हवं ते सांगा. मी त्या रात्री शेजारच्या गावी समितीच्या बैठकीला गेलो होतो. मी असतो तर," एवढं म्हणून त्याने ओठ चावला. मावशींची मुलगी, म्हणजे त्याची बायको, किल्ल्यांचा जुडगा घेऊन जिन्यापाशी उभी होती.  तिने वन्संकडे बघितलं नाही.

मुलीने कोपऱ्यातली खोली उघडून दिली आणि ती निघून गेली.

खोली छान होती, हेच वाईट होतं. पांढरी चादर, बांबूची खुर्ची, खिडकीतून थेट समुद्र. बाल्कनीचा कठडा मांडीपर्यंतसुद्धा येत नव्हता. हवेत सुगंधी फवारा इतका मारला होता की घशाशी गोड थर बसत होता. वन्संनी बाल्कनीतून खाली बघितलं नाही. त्या दाराशी गेल्या.

दार आत उघडणारं. आतल्या अंगाला लोखंडी कडी, चौकटीवर तिचा कोयंडा. तो कोयंडा आता चौकटीवर नव्हता. दार फोडताना निखळला म्हणून तो कोणीतरी स्क्रूसकट खिडकीत उचलून ठेवला होता. वन्संनी आपला चष्मा पुसला आणि चौकटीतली भोकं न्याहाळली.

फोडलेली दारं त्यांनी आयुष्यभर पाहिली होती. खांद्याच्या धक्क्याने कोयंडा उपटला की लाकूड रडतं. छिलके निघतात, भोकाच्या कडा फाटतात, स्क्रूच्या आट्यांत लाकडाचे धागे अडकून येतात. इथे भोकांच्या कडा गुळगुळीत होत्या. भोकं स्क्रूपेक्षा जाड. त्यांनी केसातला आकडा काढून एका भोकात फिरवला, तेव्हा टोकाला पांढरं मऊ काहीतरी आलं. नाकाशी नेलं. अंघोळीचा साबण.

त्या तशाच खाली गेल्या. टॅक्सीवाला फाटकाशी बाकावर पाय सोडून बसला होता.

"दार तू फोडलंस?"

"फोडलं कसलं. त्यांना पहाटे बसला सोडायचं होतं, म्हणून मी आलेलो. हाका मारल्या, उठेनात. मावशी म्हणाल्या, मार खांदा. मी नुसता टेकवला, तर दार गपकन आत, आणि मी तोंडावर. खोली रिकामी, खाली काळोख; उजाडल्यावर माळ्याला दिसल्या." त्याने विजार वर करून खरचटलेला गुडघा दाखवला. "एवढं मोठं दार आणि कडी अशी. थुंकीने चिकटवल्यासारखी."

वन्संनी चौकीत फोन केला. फौजदार कुरकुरत आला. त्याच्यासमोर त्यांनी न्हाणीघरातला साबण भोकांत भरला, कोयंडा बसवून स्क्रू बोटाने दाबले आणि आतून कडी लावली.

"हलवून बघा. घट्ट वाटते की नाही?"

"वाटते."

"आत झोपलेल्या बाईलाही वाटते. आता बाहेर जा आणि दार ढकला."

फौजदाराने बाहेरून ढकललं. कोयंडा स्क्रूसकट निसटला आणि कडीच्या दांड्यावर लोंबकळत राहिला. फारसा आवाजही झाला नाही.

"आता कडी तशीच राहू द्या, कोयंडा तिच्यावर तसाच राहू द्या, आणि बाहेर उभे राहून दार हळूच ओढून घ्या."

दार बंद होताना कडीवरचा कोयंडा चौकटीला येऊन टेकला, स्क्रू साबणाच्या भोकांत शिरले. फौजदार बाहेर, कडी आत लावलेली. कुलपाची दुसरी किल्ली तर लॉजकडे असतेच. 

मग तो आत आला. कान लाल झालेले. "म्हणजे कुणीतरी आलं होतं."

"आलं, आणि दारातच उभं राहिलं. म्हणून ती दाराकडे नाही पळाली, बाल्कनीकडे पळाली. डोळ्यांना काही न दिसता. आणि बाटली तिच्या मागाहून आली, तिच्या कपड्यांवर ओतायला." वन्संचा आवाज कोरडा होता. "ही भोकं एका रात्रीत नाही झालेली. खोली तयार करून ठेवलेली आहे."

फौजदाराने सावकाश मान हलवली. खिशातून फोन काढला आणि हवालदाराला सांगितलं, "त्या टॅक्सीवाल्याला आत घे. दार त्यानेच उघडलंय. मला आधीपासून त्याचा संशय होता."

३

"तो मेला आहेच तसला," मावशी म्हणाल्या. स्वयंपाकघरात त्या भाजी निवडत बसल्या होत्या. "येणाऱ्याजाणाऱ्या बायकांकडे कसा बघतो, बघितलंस ना? मी शंभरदा सांगितलं, फाटकाच्या आत येऊ नकोस."

वन्संनी पाट ओढून घेतला. वाद घालण्यासारखं नव्हतंच, माणूस किळसवाणा होता. पण विमा कंपनीत त्या एक गोष्ट शिकल्या होत्या: सगळ्या गावाला जो नकोसा असतो, त्याच्या डोक्यावर गाव आपली सगळी पापं ठेवतं.

"मावशी, त्या सकाळच्या आधी तो कधी वरच्या खोल्यांत गेला होता?"

"त्याला कोण वर जाऊ देतंय?"

"मग खोलीच्या चौकटीला भोकं पाडायला कधी गेला?"

मावशींचा हात थांबला. पुन्हा चालू लागला. "घुसला असेल कधीतरी. आम्ही काय डोळ्यात तेल घालून बसतो?"

"वहिनीला ती खोली कोणी दिली?"

"मीच. एकट्या बाईला मी नेहमी तीच देते. शांत, कोपऱ्यातली, जाण्यायेण्याची वर्दळ नाही. समुद्र दिसतो." बोलता बोलता त्यांचा चेहरा खुलला. "बायका नावाजतात गं. मंडळाचे साहेब म्हणतात, मावशी, तुम्ही आहात म्हणून आपल्या गावाचं नाव आहे. मी प्रत्येकीला आईसारखं विचारते, एकटीच आलीस का? घरी कळवलंस का? कुणी यायचंय का तुझं? आणि गळ्यात शिट्टी घालते."

"शिट्टी तुम्ही स्वतः घालता?"

"स्वतःच्या हाताने. ती सोय मीच सुरू केली."

"जावईबापू नाही?"

"त्याला कुठे वेळ? आणि तो तर गावात नव्हताच त्या रात्री. विचार माझ्या लेकीला." त्यांनी हाक मारली. मुलगी दारात आली. "सांग गं यांना, तुझा नवरा बैठकीला गेला होता ना?"

मुलीने आईकडे बघितलं. "गेले होते," ती म्हणाली. पाढा म्हणावा तशी.

"सकाळीच आला," मावशी म्हणाल्या.

"सकाळी आले," मुलगी म्हणाली, आणि तिने पदराने कपाळ पुसलं. स्वयंपाकघरात पंखा जोरात फिरत होता.

वन्सं उठल्या. दारातून बाहेर पडताना त्यांना वाटलं, हे प्रश्न आईसारखे आहेत खरे. एकटीच आलीस का, घरी कळवलंस का, कुणी यायचंय का. पण हेच प्रश्न दुसऱ्या कुणाला तरी उत्तरासकट हवे असले तर?

४

चौकीतल्या कोठडीत टॅक्सीवाला भिंतीला टेकून बसला होता. पान मिळालं नव्हतं, त्यामुळे चिडलेला.

"मी बघतो बायकांकडे," तो म्हणाला. "खोटं का बोलू? बघितल्याने कुणी मरत नाही."

"मरत नाही," वन्सं म्हणाल्या. "पण जगायचा कंटाळा येतो. ते राहू दे. वहिनीला लॉजवर तूच सोडलंस ना? आत गेल्यावर काय झालं, आठवून सांग."

"काय व्हायचंय? मी डिकीतून बॅग काढत होतो. मावशी देवळातून की बाजारातून, कुठून तरी यायच्या होत्या. जावईबापू आले पुढे. हसून बोलले. खिशातून शिट्टी काढली, गळ्यात घातली. दोरी मानेमागे नीट केली." त्याने तोंड वाकडं केलं. "मी बघतो म्हणून वाईट. तो हात लावतो तर समितीचा माणूस."

"मावशी नव्हत्या तिथे? नक्की?"

"नव्हत्या. आणि एक सांगू? मी त्या रात्री फाटकाबाहेर गाडीतच झोपलो होतो. थोडी घेतली होती, त्यामुळे माणूस पडल्याचं नाही कळलं. पण शिट्टी वाजली असती ना, तर मेलेला उठला असता. बाईने फुंकली कशी नाही, तेच मला कळत नाही."

वन्संनी पर्समधून ती पिवळी शिट्टी काढली. वहिनीच्या मानेवर असलेली ती वस्तू तोंडाला लावताना त्यांना क्षणभर थांबावं लागलं. मग त्यांनी फुंकली.

फुस्स.

पुन्हा फुंकली, छाती भरून. रिकाम्या नळातून हवा यावी तसा नुसता फुसफुसाट. हवालदार मागे वळून बघायला लागला. वन्संनी शिट्टी कानाशी हलवली. आत खुळखुळणारा दाणा नव्हता. तिची फट एका बाजूने किंचित वाकडी होती, आणि कडेला पकडीच्या दातांचे वळ.

त्यांना डोळ्यांसमोर दिसलं: आंधळ्यासारखी चाचपडत मागे सरकणारी वहिनी, दोन्ही हातांनी ही शिट्टी धरून, जीव खाऊन फुंकणारी. आणि दारात उभा असलेला तो, तिला फुंकू देत असलेला. कारण त्याला माहीत होतं.

वन्संनी शिट्टी रुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवली. फौजदार पाण्याचा पेला घेऊन आला.

"लॉजवर अजून कोणी एकटी बाई आहे का?" त्यांनी विचारलं.

"एक आहे. पाठपिशवीवाली. खालच्या मजल्यावर."

५

पाठपिशवीवाली जेवणघरात खिडकीपाशी चहा पीत होती. विशीतली, उन्हाने नाक सोललेलं. गळ्यात पिवळी शिट्टी. मावशींना वन्संनी मुद्दाम बोलावून घेतलं होतं, मुलीला, जावयाला. फौजदार दारात उभा होता. ऐन दुपार होती. बाहेर कोणीतरी पर्यटक मोठ्याने हसत होते.

"मावशी, मघाशी मला सांगितलंत ते साहेबांना सांगा. शिट्टी कोण देतं?"

"मीच देते की. एकट्या आलेल्या प्रत्येकीला." मावशींनी फौजदाराकडे अभिमानाने बघितलं.

"वहिनीला?"

"मीच घातली गळ्यात."

"बाळ," वन्सं पाठपिशवीवालीला म्हणाल्या, "तुझी जरा फुंक."

"इथे? उगाच सगळे धावत येतील," ती हसली. "मला ती त्या दादांनी दिली, त्यांनीच सांगितलंय, उगाच वाजवायची नाही, गावात घबराट होते." तिने शिट्टी तोंडाला लावली.

फुस्स.

तिने ती काढून बघितली, पुन्हा लावली, पुन्हा फुंकली. मग तिचा चेहरा हळूहळू बदलत गेला. काल रात्री ती या वस्तूच्या भरवशावर गाढ झोपली होती. तिने दोरी मानेतून ओरबाडून काढली आणि शिट्टी टेबलावर टाकली. वन्संनी वहिनीची शिट्टी तिच्याशेजारी ठेवली.

"शिट्टीतला दाणा आपणहून पडत नाही," त्या म्हणाल्या. "फट दाण्यापेक्षा बारीक असते. पकडीने रुंद करावी लागते, दाणा काढून पुन्हा दाबावी लागते. दोन्हींवर तेच वळ आहेत. मावशी, खोली तुम्ही देता, शिट्टी तुम्ही देता म्हणता. मग हे दाणेही तुम्हीच काढलेत? चौकटीत साबण तुम्हीच भरलात?"

मावशींचं तोंड उघडं राहिलं. त्यांना शिट्ट्यांचं ठाऊक नव्हतं, हे स्पष्ट दिसत होतं. त्यांनी जावयाकडे बघितलं. त्या बघण्यात आश्चर्य नव्हतं, आणि वन्संना सगळ्यात जास्त शिसारी आली ती त्याची.

जावई पुढे आला. मावशींच्या खांद्यावर हळुवार हात ठेवला. "आईंचं वय झालंय, साहेब. बाजारातून काय आणतात, कुणाला काय देतात, त्यांचं त्यांनाच कळत नाही. मी कितीदा म्हटलं, आई, तुम्ही आता आराम करा."

 मावशी खाली बघत होत्या. मग त्या म्हणाल्या, "हो. मीच केलं. सगळं मीच."

जावयाने श्वास सोडला. फार बारीक, पण सगळ्यांना ऐकू गेला.

"ते त्या रात्री घरी होते," मुलगी म्हणाली.

"गप्प बस," मावशी म्हणाल्या. "तुझ्या संसाराचं—"

"घरी होते. उठून वर गेले. मग धप्प असा आवाज आला. ते खाली आले, कपाटातली बाटली घेऊन मागच्या अंगणात गेले आणि मग परत वर. आई, तू जिन्यात उभी होतीस. मीही उभी होते. तू मला म्हणालीस, तो बैठकीला गेलाय, हे पाठ कर." मुलीचा आवाज चढला नाही. "मागच्या हंगामात ती नर्स आली होती. सकाळी थरथरत होती. म्हणाली, खोलीत कोणीतरी होतं. तू तिला कॉफी दिलीस आणि म्हणालीस, प्रवासाचा शीण, स्वप्न पडलं असेल. तिच्या डोक्यावरून हात फिरवलास. मला बघवत नव्हतं."

"बाईमाणसाला संशयाचा रोग असतो, साहेब," जावई म्हणाला. आवाज अजून मऊच. "आमचं जरा भांडण झालंय."

मुलगी आत गेली. परत आली तेव्हा तिच्या हातात पावडरीचा एक जुना डबा होता. "यांच्या हत्यारांच्या पेटीत असतो. मला वाटायचं, कसल्या तरी बिया आहेत." तिने झाकण काढून डबा टेबलावर उपडा केला.

शिट्ट्यांचे दाणे. पिवळे, बारीक, टेबलभर घरंगळले. काही खाली पडून फरशीवर उड्या मारत गेले. एकेक दाणा म्हणजे एकेक बाई, आणि त्याने ते जपून ठेवले होते, कुणी शंख-शिंपले ठेवतं तसे. मोजायला कोणीच हात पुढे केला नाही. पाठपिशवीवालीने पाय खुर्चीवर वर ओढून घेतले.

फौजदाराने जावयाचा दंड धरला. जाताना जावई पायात आलेला एक दाणा चुकवून, सांभाळून चालला.

मावशी वन्संकडे वळल्या. "तुला लेक नाही वाटतं. असती तर कळलं असतं, आई काय काय गिळते ते."

"आहे मला लेक," वन्सं म्हणाल्या. त्या नळाशी गेल्या आणि हात धुऊ लागल्या. पुष्कळ वेळ धूत राहिल्या.

६

दुसऱ्या दिवशी शववाहिका इस्पितळाच्या मागच्या फाटकाशी उभी होती. टॅक्सीवाला सुटून आला होता. वहिनीची बॅग त्यानेच आणून दिली, वन्संच्या तोंडाकडे न बघता. फौजदाराने कागद सहीसाठी धरले आणि म्हणाला, वर्तमानपत्रवाले विचारत होते, मंडळाच्या साहेबांचं म्हणणं आहे की 'कौटुंबिक वादातून' असं छापून यावं. हंगाम आहे.

"तुम्ही काय सांगितलंत?"

"मी अजून काही बोललो नाही."

"मग मी बोलते," वन्सं म्हणाल्या. "त्यांचे नंबर द्या."

त्यांनी ते घेतले आणि तिथेच, फाटकाच्या सावलीत उभ्या राहून, एकेकाला फोन लावून साबणापासून दाण्यांपर्यंत सगळं सांगितलं. दोघांनी लिहून घेतलं. तिसऱ्याने विचारलं, पण तुमच्या वहिनी एकट्या का फिरत होत्या? वन्संनी फोन ठेवून दिला.

मग मोठ्या दादांचा आला. त्यांना सगळं ऐकून धक्का बसला होता. थोडा वेळ ते हळहळले. शेवटी म्हणाले, "पण म्हणजे बघ, फिरून फिरून तेच येतं. एकटीने जायलाच नको होतं तिने."

"दादा, ती दाराला कडी लावून स्वतःच्या अंथरुणात झोपली होती. तिने झोपायला नको होतं, असं म्हणायचंय का तुला?"

"तू लगेच अंगावर येतेस."

"मी संध्याकाळपर्यंत पोचते. गुडघा धरलेला असला तरी फाटकापर्यंत ये. तिला उतरवून घ्यायला घरातलं माणूस हवं."

त्या पुढच्या सीटवर चढल्या. गाडी निघणार तेवढ्यात रस्त्यापलीकडून मावशींची मुलगी येताना दिसली. हातात एक लहान पिशवी, घाईत बांधलेली. आई चौकीत, नवरा कोठडीत, लॉजला टाळं. ती खिडकीशी येऊन उभी राहिली. आज पहिल्यांदाच तिने सरळ वन्संकडे बघितलं.

"मी बोलायला उशीर केला," ती म्हणाली. "तुम्ही मला शिव्या द्या हव्या तर."

वन्संच्या मनात खरंच शिव्या होत्या. ही जिन्यात उभी होती. हिने आवाज ऐकला होता. त्यांनी तिच्याकडे बघितलं, तिच्या मुठीतल्या पिशवीच्या बंदांकडे बघितलं.

"मला मोठ्या गावापर्यंत सोडाल? तिथे माझं कोणी नाही. पण इथे आता मला कोणी राहू देणार नाही." ती थांबली. मग खालच्या आवाजात, जणू कुणी ऐकेल म्हणून, तिने विचारलं, "तिथे एकट्या बाईला खोली मिळते का हो? चांगली?"

जळलेल्या गोदामांवर, बुडालेल्या बोटींवर, फोडलेल्या दारांवर वन्संनी आजवर बिनचूक उत्तरं दिली होती. आता त्यांनी शेजारची वहिनीची बॅग उचलून पायाशी ठेवली. त्या सीटवर आत सरकल्या आणि दार उघडून धरलं.